पीएच.डी.ची पात्रता आणि न्यायालयाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. परंतु एम.ए., एम.एस्सी. होऊन संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्या काही मुलामुलींना आज ही पायरी चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि यात दोष त्यांच्या शहाणपणाचा नसतो. अर्ज भरावा, शुल्क द्यावे, प्रवेश परीक्षा द्यावी, मुलाखतीस जावे आणि सरतेशेवटी कळावे की आपली मूळ पात्रताच ग्राह्य नाही, हा अनुभव ज्याच्या वाट्यास येतो त्याने जावे तरी कोठे? पात्रतेचा निर्णय प्रक्रियेच्या आरंभी न होता अखेरीस होतो, हेच या तंट्यांचे मूळ आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नियमांची २००९पासूनची वाटचाल पाहिली म्हणजे गोंधळाचे स्वरूप ध्यानी येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या किमान दर्जाविषयीचे नियम त्या वर्षी केले. २०१६ साली ते जाऊन दुसरे आले. त्यांत प्रवेश परीक्षेत शेकडा ५० गुण सर्वांनाच आवश्यक ठरविले गेले, निवड मात्र मुलाखतीवर सोपविली गेली. त्यावर ओरड झाली, तेव्हा २०१८ साली लेखी परीक्षेस ७० व मुलाखतीस ३० असे प्रमाण ठरले आणि राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट मिळाली. नोव्हेंबर २०२२मध्ये पुन्हा नवे नियम आले : पदव्युत्तर पदवीस शेकडा ५५ गुण, किंवा चार वर्षांच्या पदवीस शेकडा ७५, अनुसूचित जाती-जमाती, उन्नत गटात न मोडणारे इतर मागासवर्गीय, दिव्यांग व आर्थिक दुर्बल यांना पाच टक्क्यांची सूट, एम.फिल. बंद. मार्च २०२४मध्ये आयोगाने आणखी एक सूचना काढली, की विद्यापीठांनी आपापल्या प्रवेश परीक्षांऐवजी नेटचे गुण धरावेत. एखाद्या विद्यार्थ्याने पदवीस प्रवेश घेतला तेव्हाचा नियम, तो पदव्युत्तर झाला तेव्हाचा नियम आणि त्याने पीएच.डी.चा अर्ज भरला तेव्हाचा नियम, हे तिन्ही वेगवेगळे असणे आता सहज शक्य आहे.

प्राध्यापकपदाच्या पात्रतेची कथा याहून निराळी नाही. २००९च्या नियमांनुसार न मिळालेल्या पीएच.डी.ला नेटमधून सूट नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्ये मान्य केली. पुढच्याच वर्षी आयोगाने पाच अटी घालून जुन्या पदवीधारकांना ती सूट परत दिली. २०१८ साली विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी जुलै २०२१पासून पीएच.डी. सक्तीची केली, मुदत २०२३पर्यंत वाढविली, आणि जुलै २०२३ उजाडताच नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवून सक्ती काढून टाकली. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमल्या गेलेल्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांनी महाराष्ट्रात किती वर्षे न्यायालयात काढली, हे या पृष्ठाच्या वाचकांतील शिक्षकवर्गास वेगळे सांगावयास नको.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर मागणी आयोगाच्या एकेका अधिसूचनेने भडकते आणि पुरवठा मात्र जागच्या जागी राहतो. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार, यापेक्षा अधिक संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत. ही मर्यादा योग्यच आहे. पण जेथे प्राध्यापकांची पदेच भरली जात नाहीत, तेथे मार्गदर्शक कोठून येणार? जागा थोड्या आणि उमेदवार उदंड झाले, की चाळणी लावणाऱ्यास पात्रतेचा प्रत्येक शब्द कीस काढून वाचण्याचा मोह होतो.

न्यायालयात गेल्याने हे सारे सुटते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. पदव्युत्तर परिचर्या अभ्यासक्रमासाठी शेकडा ५५ गुण हवे असता ५४.७१ गुण असलेल्या विद्यार्थिनीचा दावा २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. पात्रतेचा आकडा पूर्णांकात ओढून घेता येत नाही, असे सांगितले. पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेस असावी लागते, नंतर लागलेला निकाल चालत नाही, हेही नोकरीच्या प्रकरणांत कधीच ठरून गेले आहे. शैक्षणिक निर्णयांत तज्ज्ञांच्या मताच्या जागी आपले मत ठेवण्यास न्यायालये कचरतात. म्हैसूर विद्यापीठाच्या १९६३च्या आणि आपल्या राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९८४च्या खटल्यांत हाच सूर होता.

मग विद्यार्थ्याच्या हाती काय उरते? एक धागा उरतो. कुरुक्षेत्र विद्यापीठाने एका विद्यार्थ्यास परीक्षेस बसू दिले आणि मागाहून उपस्थिती अपुरी असल्याचे कारण काढले. अर्ज वेळीच तपासणे हे विद्यापीठाचे काम होते आणि उमेदवाराने लबाडी केली नव्हती, सबब आता उमेदवारी काढून घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली म्हटले. बेऱ्हमपूर विद्यापीठाच्या १९९०च्या प्रकरणात गुणपत्रिका अर्जासोबतच दिलेली होती. तेथेही विद्यार्थ्यास न्याय मिळाला. तथापि याच न्यायालयाने १९८६ साली आंध्रच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात, आणि २०१० साली एका हरियाणवी विद्यापीठाच्या प्रकरणात, नियमाविरुद्ध दिलेल्या प्रवेशास संरक्षण नाकारले. वकील आपल्या सोयीचा निवाडा दाखवील. विद्यार्थ्यास मात्र निकाल लागेपर्यंत आपण कोणत्या रांगेत आहोत हे कळत नाही.

आणि या प्रतीक्षेची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावातील एखादी मुलगी घ्या. तिचे विद्यापीठ, म्हणजे १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, पूर्वेला नांदेडला. तिचे उच्च न्यायालय, म्हणजे १९८१ साली सुरू झालेले खंडपीठ, उलट दिशेला दोनशे किलोमीटरच्या आसपास, आजच्या छत्रपती संभाजीनगरात. वकिलाचे शुल्क, प्रत्येक तारखेचा प्रवास, बुडालेली तासिका तत्त्वावरची कमाई, हा खर्च डोळ्यांना दिसतो. न दिसणारा खर्च मोठा आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. ती मिळण्यास जी पात्र आहे, तिचे प्रवेशावाचून गेलेले एक वर्ष ४,४४,००० रुपयांचे. जिरायत शेतीवर चालणाऱ्या घरात हा आकडा काय असतो, ते शहरातील अधिकाऱ्यास समजावून सांगणे कठीण. अशा घरांत मुलीला ‘अजून एक वर्ष थांबू’ असे म्हणणारे वडील फार नसतात. लग्नाची बोलणी खंडपीठाच्या तारखेसाठी थांबत नाहीत.

विद्यापीठांची बाजू अगदीच लटकी आहे असे नाही. अर्ज पुष्कळ येतात, कचेरीत माणसे थोडी, आणि संलग्न विषयाचा प्रश्न खरोखर अवघड असतो. कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यास अर्थशास्त्रात पीएच.डी. करता यावी काय? परभणीत कृषी विद्यापीठ १९७२पासून असल्याने आमच्या भागात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. माझे उत्तर ‘यावी’ असे आहे. माझ्या काही सहकाऱ्यांचे नसेल. परंतु उत्तर कोणतेही असो, ते जाहिरातीत छापलेले असावे. मुलाखतीच्या टेबलावर प्रथमच सुचणारा आक्षेप हा दर्जाचे रक्षण नव्हे. ज्या कारकुनाला शुल्काची पावती त्याच दिवशी देता येते, त्याच्या कचेरीस गुणपत्रिकेवरील टक्केवारी परीक्षेपूर्वी पाहता येऊ नये, हे पटत नाही.

तेव्हा पात्र व अपात्र अर्जदारांची यादी कारणांसह प्रवेश परीक्षेपूर्वी लागावी, अपात्रांचे शुल्क परत व्हावे, आणि जाहिरात निघाल्यावर आलेला नियम त्या जाहिरातीस लावू नये. सार्वजनिक नोकरभरतीत खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत, असे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितलेच आहे. तेच तत्त्व विद्यापीठांनी आपण होऊन पाळण्यास कोणाची हरकत नसावी. तक्रारीची वाटही कागदावर आहे. २०२३च्या नियमांप्रमाणे प्रवेशेच्छू विद्यार्थ्यासही तक्रार करता येते. निवारण समितीने पंधरा दिवसांत अहवाल द्यावयाचा, आणि त्यावरील अपील लोकपालांनी तीस दिवसांत निकालात काढावयाचे. दोन्ही मिळून पंचेचाळीस दिवस होतात. पीएच.डी.ची अंतिम यादी या पंचेचाळीस दिवसांनंतरच लावावी आणि तोवर तक्रारदाराची जागा रिकामी ठेवावी, एवढे परिपत्रक कुलगुरूंनी पुढील जाहिरातीपूर्वी काढावे.