गुरुजींना गायला सांगा

"गुरुजी, फक्त अर्धा तास द्या. दीपप्रज्वलन करा, दोन शब्द बोला, मग निघालात तरी चालेल." गाणं शिकणारी विशी-बाविशीतली मुलं गुरुजींना त्यांच्या गुरूच्या पुण्यतिथीचं आमंत्रण हल्ली असंच देतात. त्यांचा आदर खोटा नसतो. पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती'खाली गुरुजींचं नाव ठळक छापलेलं असतं, शाल-श्रीफळाची सोय झालेली असते. गाणं तेवढं कुणी मागितलेलं नसतं.

हे चूक आहे.

सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, सप्टेंबर १९५२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. त्यासाठी पुढाकार घेणारे भीमसेन जोशी तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते. गंगूबाई हनगल त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या; फिरोज दस्तूरही वयाने थोरले. सवाईंचे हे शिष्य त्या स्वरमंचावर वर्षानुवर्षं गात राहिले. गुरूच्या तसबिरीला हार घालायचा आणि मग तानपुरे जुळवून बसायचं, हा तिथला शिरस्ता. हार कुणीही घालू शकतो. गुरूने दिलेली चीज मात्र ज्याला मिळाली, त्यालाच गाता येते.

सवाईंचे गुरू अब्दुल करीम खाँ १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर वारले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. तिथे उरुसात त्यांच्या स्मृतीसाठी गाणारे लहानथोर कलाकार आपली सेवा रुजू करायला येतात. मानाच्या खुर्चीसाठी नव्हे.

'आता त्यांचा आवाज लागत नाही', अशी सबब आयोजक (अर्थात हळू आवाजात) सांगतात. नसेल लागत. पण २००७ साली खुद्द भीमसेन पंच्याऐंशीव्या वर्षी सवाईच्या मंचावर गायलेच ना? आणि अगदीच गाणं होणार नसेल, तर गुरुजी एखादी बंदिश सांगतील, तिच्यातली जागा कशी घ्यायची ते दाखवतील. शिष्य मागे तानपुरा धरेल. स्मरणाच्या कार्यक्रमाला याहून वेगळं काय हवं?

तेव्हा आमंत्रण घेऊन जाणाऱ्या मुलांनी आधी फोन करून वेळ घ्यावी, घरी जावं आणि 'काय गाल?' असं सरळ विचारावं. तबल्याच्या साथीला कोण हवं, तेही विचारावं. आणि गुरुजींची बैठक भाषणांच्या आधी ठेवावी.