वाटणीचे गणित

आमच्या शाळेच्या कार्यालयातील सर्व्हरवर तीन बिऱ्हाडे नांदतात. एक परीक्षेच्या गुणांचे, दुसरे प्रवेश व दाखल्यांचे, तिसरे ग्रंथालयाचे. तिन्हींसाठी एसक्यूएल सर्व्हरचे तीन स्वतंत्र इन्स्टन्स. निकालाच्या दिवशी दाखल्यांसाठी पालकांची रांग लागली आणि पडद्यावरचा दाखला काही केल्या पुढे सरकेना. नवे यंत्र घ्यावे, असा सर्वांचा सूर निघाला. वस्तुतः यंत्रात ३२ जीबी मेमरी होती. उणीव होती ती वाटणीची, आणि तो दोष आमचाच.

डिस्कवरून वाचलेली माहिती हाताशी असावी म्हणून प्रत्येक इन्स्टन्स ती मेमरीत साठवीत जातो. त्यास कमाल मर्यादा घालून दिली नाही, तर मूळची मर्यादा २१४७४८३६४७ एमबी, म्हणजे व्यवहारात अमर्यादच. ऑपरेटिंग सिस्टीमकडून टंचाईची सूचना आल्यावाचून तो घेतलेली जागा सहसा सोडीत नाही. आणि शेजारच्याची गरज तर त्यास ठाऊकच नसते. पंगतीत आधी बसलेल्याने सारी पातेली रिकामी करावीत, तशातलाच हा प्रकार. त्या दिवशी आधी जेवून बसला होता तो गुणांचा इन्स्टन्स.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम घराचा वाटा बाजूला काढावा. आम्ही ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आणि कमाल मर्यादेच्या हिशेबात न धरल्या जाणाऱ्या किरकोळ खर्चासाठी ६ जीबी राखले. उरलेल्या २६ पैकी गुणांना १२, दाखल्यांना १०, ग्रंथालयास ४ दिले. किमान मर्यादाही ठरविता येते. मात्र इन्स्टन्स सुरू होताच तेवढी मेमरी त्याच्या पदरी पडते, हा समज चुकीचा आहे. वापर वाढत त्या पातळीस पोहोचला, की पुढे तो वाटा त्याच्याकडून काढून घेतला जात नाही, इतकाच तिचा अर्थ.

या व्यवस्थेतही एक उणे आहे. ग्रंथालयाचा इन्स्टन्स सुटीत बंद असला, तरी त्याचे ४ जीबी इतरांस आपोआप मिळत नाहीत. परंतु कमाल मर्यादा इन्स्टन्स बंद न करताही बदलता येते. म्हणून निकालाच्या आठवड्यापुरता ग्रंथालयाचा वाटा कमी करून दाखल्यांचा वाढवावा व नंतर पूर्ववत करावा, असे आम्ही वहीत लिहून ठेवले आहे.

वाचकहो, एकत्र कुटुंबात वाढणारी माऊली शेवटच्या पानाचा अंदाज घेऊनच पहिल्या पानावर वाढते. यंत्राला तो अंदाज नसतो. तो आपणच घ्यावयाचा असतो. खर्च करून नवे भांडे आणण्यापूर्वी असलेल्या भांड्यातले नीट वाढले जाते आहे ना, एवढे एकदा पाहावे.