एका कादंबरीत तीन ख्रिस्त

अद्भुत कादंबऱ्यांना बाप्तिस्मा देण्याचा सपाटा एका सद्गृहस्थांनी लावला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: टॉल्किन आणि सी. एस. लुईस श्रद्धावान ख्रिस्ती होते, सबब त्यांच्या कथा म्हणजे वेषांतर केलेले बायबल. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये गँडाल्फ मरून परत येतो, तो ख्रिस्त. फ्रोडो ओझे वाहतो, तोही ख्रिस्त. अ‍ॅरागॉर्न परतलेला राजा, म्हणजे पुन्हा ख्रिस्तच. लेंबास भाकरी म्हणजे ख्रिस्तप्रसाद. एवढे कोष्टक पाठ केले की ईश्वरविज्ञान आटोपले! हजारभर पाने वाचण्याचे कष्टही वाचतात, हा जादा लाभ.

एकाच कादंबरीत तीन ख्रिस्त ही त्रैक्याची आवृत्ती नवीनच म्हणायची. शिवाय रूपककथा आपल्याला मुळीच रुचत नाही, असे टॉल्किनने या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वच्छ लिहून ठेवले आहे. पण लेखकाचे ऐकतो कोण?

खरी पंचाईत होते ती डूम पर्वतावर. जिचा नाश करायला तो आला आहे, ती दुष्ट शक्तीची अंगठी अग्निकुंडाच्या कडेला फ्रोडो टाकत नाही. ती माझी आहे म्हणतो आणि बोटात घालतो. कोष्टक खरे मानले, तर कालवरीच्या टेकडीवर ख्रिस्ताने ऐनवेळी क्रुसाला नकार दिला असा अर्थ निघेल! आमचे सद्गृहस्थ या पानावरून टुणकन उडी मारतात, आणि ईश्वरविज्ञान तर याच पानावर आहे. माणूस स्वतःच्या बळावर तरेल का, यावर पाचव्या शतकात पेलाजियस (तरेल) आणि ऑगस्टीन (कृपेवाचून नाही) यांच्या बाजूंमध्ये जुंपली होती. टॉल्किन कोणाचे नाव न घेता ऑगस्टीनच्या पंगतीला बसतो. फ्रोडोने शक्य ते सारे केले आणि तरी तो हरला. अंगठी नष्ट झाली, कारण तिच्या हव्यासाने मागे लागलेल्या गॉलमने ती बोटासकट तोडली आणि तोल जाऊन तो तिच्यासह अग्निकुंडात पडला. गॉलम तोवर जिवंत का होता? अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने त्याला सोडले, पुढे फ्रोडोने सोडले, आणि शेवटी त्याच पर्वताच्या उतारावर, तलवार उपसलेल्या, फ्रोडोचा सोबती सॅमचाही हात उठला नाही. यातल्या कोणालाही पुढचे ठाऊक नव्हते. हिशेब न करता केलेली दया तेवढी कामी आली. या प्रसंगाचा धागा प्रभूच्या प्रार्थनेतील क्षमेच्या आणि परीक्षेच्या मागण्यांशी टॉल्किननेच पत्रांतून जोडला आहे.

अंगठीचा नाश २५ मार्चला होतो, आणि देवदूताने मरियेला निरोप दिल्याचा सण त्याच दिवशी येतो, हा आमच्या सद्गृहस्थांचा हुकमी पत्ता. तारीख योगायोगाची नाही, कबूल. पण पंचांग जुळले म्हणून कथा कळली असे होत नाही.

आपल्याकडे मराठी साहित्यातही कला कलेसाठी की जीवनासाठी यावर एक पिढी भांडली. जीवनासाठी म्हणणाऱ्यांना कादंबरी म्हणजे कशाचे तरी वाहन वाटे.  आता त्या गाडीत धर्मोपदेशक बसले आहेत, इतकेच.

मग वाचायचे कसे? श्रद्धेतले एखादे कोडे कथेत सोडावे आणि ते काय करते ते पाहावे. लुईसच्या नार्निया-कथेत अस्लान हा सिंह विश्वासघात केलेल्या एडमंडसाठी मरतो. इथे ख्रिस्त ओळखणे सोपे आहे, लुईसने ते लपवलेलेही नाही. पण खंडणी भरली कोणाला? विश्वासघातक्याच्या रक्तावर नार्निया बळकावलेल्या चेटकिणीचा हक्क आहे आणि अस्लान तो नाकारत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस ईश्वरविज्ञानी अ‍ॅन्सेल्मने नेमके हेच नाकारले होते: सैतानाचा माणसावर कसला हक्क, ऋण आहे ते देवाचे. लुईसची कथा त्याही आधीच्या मताकडे झुकते. त्या मतात सैतान हक्क बजावायला जातो आणि फसतो. ‘चेटकिणीला हक्क दिलाच कोणी?’ असे विचारणारे पोर थेट या वादात उतरलेले असते. त्याला ‘अस्लान म्हणजे येशू’ एवढे सांगून गप्प बसवणाऱ्यांनी निदान त्याला ईश्वरविज्ञान शिकवल्याचा आव आणू नये.