पहिलीपासून तीन भाषा आमची मुलं शिकतातच, पण कशा?

16 एप्रिल 2025 रोजी राज्य सरकारने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा शासन निर्णय काढला. मोठा गदारोळ झाला. 17 जूनला सुधारित निर्णय आला. त्यात 'अनिवार्य' गेलं आणि 'सर्वसाधारणपणे' आलं. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान 20 विद्यार्थी हवेत, अशी अटही आली. 29 जूनला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा केली. 5 जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा विजयी मेळावाही झाला.

या सगळ्यात शासन निर्णयातली एक ओळ फारशी कोणी वाचली नाही. इतर माध्यमांच्या शाळांत माध्यमाची भाषा, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा पहिलीपासून राहतील, असं तिथे लिहिलेलं होतं. म्हणजे सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचं ओझं नको म्हणून ज्या दिवसांत राज्यभर वाद पेटला होता, त्याच दिवसांत उर्दू माध्यमातलं सहा वर्षांचं मूल तीन भाषा, त्याही तीन वेगळ्या लिप्यांत शिकत होतं. इंग्रजी 2000 सालापासून पहिलीला आहे, मराठी आहेच. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. आमच्या समाजानेही नाही.

मोर्चा काढायला हवा होता, असं आमचं म्हणणं नाही. मुलाच्या डोक्यात तीन भाषा मावतात. मावत नाही ती चुकीची पद्धत. दुसरी भाषा कशी शिकवावी यावर उपयोजित भाषाविज्ञान नावाची एक अख्खी ज्ञानशाखा साठ-सत्तर वर्षं काम करते आहे, आणि तिच्यातलं फारच थोडं आमच्या वर्गांपर्यंत पोहोचलं आहे.

आता आमच्या गावाकडे पाहू. नागपूरहून बुटीबोरीमार्गे निघालं की केळझरनंतर सेलू लागतं, पुढे पवनार आणि वर्धा. अशा तालुक्याच्या गावात मुस्लिम घरातलं मूल किती भाषा ऐकतं? घरात आपली बोलचालीची हिंदुस्थानी, जी पुस्तकातली उर्दू नाही. मकतबमध्ये नूरानी कायद्यातून अरबी अक्षरं. बाजारात आणि एसटी स्टँडवर वऱ्हाडी वळणाची मराठी. मोबाईलवर हिंदी. शाळेत नस्तालिकमधली उर्दू, देवनागरीतली मराठी आणि वर इंग्रजी. मोठ्या शहरातल्या मुलाला न मिळणारी ही श्रीमंती आहे. पण शाळेच्या दारात पाऊल टाकताच तिची गणना 'अशुद्ध बोलणं' अशी होते.

ही घरची बोली कशी बनली तेही पाहण्यासारखं आहे. आमच्या घरांत 'मैंच जाऊंगा' म्हणतात. त्यातला 'च' मराठीचा आहे, शुद्ध उर्दूत तो नाही. आणि शेजारच्या मराठी घरातला पोरगा 'बाबा येऊन राहिले' म्हणतो, ते 'आ रहे हैं'च्या वळणावर गेलेलं. दोघांनी एकमेकांच्या अंगणातून काहीतरी उचललं, आणि दोघांनाही आपापल्या वर्गात त्याबद्दल ओरडा बसतो! 1971 साली गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास छापला. त्यांनी त्या गावाला 'कुपवार' म्हटलं आहे. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू शेकडो वर्षं शेजारी नांदल्या. शब्द ज्याचे त्याचे वेगळे राहिले, पण वाक्याची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतल्या वाक्याच्या जागी शब्दाला शब्द ठेवत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. भाषाविज्ञानाच्या जगभरच्या वर्गांत हे उदाहरण शिकवतात. आमच्या डी.एड.च्या वर्गांत ते शिकवलं जायला हवं.

याचा शिकवण्यात काय उपयोग? फार साधा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा फरक आहे. ऐकणारा धरून असेल तर 'आपण', नसेल तर 'आम्ही'. पुस्तकातल्या उर्दूत दोन्हीला 'हम'. पण आमच्या घरांत 'अपन चलेंगे' आणि 'हम जा रहे' असं वेगळं बोललं जातं. मुलाला हा फरक आधीच येतो. शिक्षकाने फक्त 'अपन म्हणजे आपण' एवढं सांगायचं आहे. त्याऐवजी मुलाची बोली बाजूला सारली जाते आणि व्याकरणाचा तक्ता पाठ करायला दिला जातो.

चुकांचंही तसंच. मूल 'माझा घर' लिहितं, 'माझी पुस्तक' लिहितं. लाल शाईची रेघ, वहीवर शेरा, कधी कानही धरला जातो. पण मूल असं का लिहितं? उर्दूत घर पुल्लिंगी, 'मेरा घर'. किताब स्त्रीलिंगी, 'मेरी किताब'. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. नपुंसकलिंग नावाचा खणच त्याच्या घरच्या कपाटात नाही, मग तो दोनपैकी एका खणात वस्तू ठेवतो. 1967 साली पिट कॉर्डर यांनी हेच मांडलं होतं, की शिकणाऱ्याच्या चुका आंधळ्या नसतात, तो आतल्या आत कोणता नियम बांधतो आहे हे त्या दाखवतात. 'शाळा'चं 'शाला' आणि 'डोळा'चं 'डोला' होतं तेही यामुळेच, कारण 'ळ' त्याच्या कानाला सवयीचा नाही. वर्षाच्या सुरुवातीचे दोन आठवडे 'ळ' आणि नपुंसकलिंग या दोनच गोष्टींवर खेळ घेतले तर चौथीपर्यंत चालणारी लाल शाई बरीच वाचेल, असं आमचं मत आहे.

सारखे वाटणारे शब्द तर वेगळाच धडा आहे. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामं, मराठीत खालच्या बाजूला. 'रजा' तिकडे संमती, इकडे सुट्टी. मकतबमधला 'कायदा' म्हणजे पहिलं पुस्तक, मराठीतला कायदा कोर्टातला. आणि बाईंनी 'आज गोष्ट सांगते' म्हटल्यावर पहिलीतलं पोर मटणाची वाट पाहत बसलं तर दोष कुणाचा? दुसरीकडे दप्तर, कागद, शाई, हजेरी, खुर्ची, तारीख हे शब्द फारसी-अरबीतूनच मराठीत आलेले. पहिल्या दिवशी फळ्यावर एवढीच यादी लिहिली तर मराठी परकी नाही हे मुलाला भाषण न देता कळेल. पण बालभारती आठ माध्यमांसाठी पुस्तकं काढते, आणि मराठीतर माध्यमांच्या मुलांसाठीची 'सुलभभारती' गुजराती, तेलुगू, उर्दू अशा सगळ्यांना समोर ठेवून चालते. तिने प्रत्येकाची वेगळी अडचण पकडावी ही अपेक्षा अवास्तव आहे. ती जागा शिक्षकाने भरायची असते, आणि त्यासाठी शिक्षकाला तसं प्रशिक्षण लागतं.

आता थोडं नाजूक. मकतबमध्ये मूल नाजरा कुरआन शिकतं, म्हणजे अर्थ न शिकताही शुद्ध उच्चारात वाचायला शिकतं. त्यामागे तिलावतीचा हेतू आहे आणि त्याची जागा त्याची आहे. अक्षरओळखीचा फायदा पुढे उर्दू वाचताना होतोच. पण तीच सवय मराठीच्या तासाला आली की घोटाळा होतो. मूल धडा खाडखाड वाचतं, आई-वडील खूश, आणि 'यात काय सांगितलं?' विचारलं की गप्प. कविता पाठ, प्रश्नोत्तरं पाठ, निबंधही पाठ. दहावी निघते. पुढे तलाठी परीक्षेत 200 पैकी 50 गुण मराठीचे असतात, पोलीस भरतीचा लेखी पेपर मराठीत असतो, आणि तिथे पाठांतर कामी येत नाही. आमच्या मुला-मुलींची सरकारी नोकरी कुठे अडते याचं एक कारण इथे आहे.

याचा उपाय म्हणून पालक दुसऱ्या टोकाला जातात. उर्दू शाळा सोडून गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालतात. आम्ही त्यांना दोष देत नाही, लेकराच्या भवितव्याची काळजी सगळ्यांनाच असते. पण जिम कमिन्स यांनी टोरांटोतल्या स्थलांतरित मुलांवर जे दाखवलं ते ध्यानात घ्यावं. नव्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत शिकतं, पण त्या भाषेत विज्ञान-इतिहास समजून घ्यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि पहिल्या भाषेत नीट वाचता-विचार करता येत असेल तर ती ताकद दुसरीत उतरते. फाडफाड 'गुड मॉर्निंग' ऐकून फसायचं नाही ते यासाठी. 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावं असं सांगतं.

वर्धा जिल्ह्याला हे नवं वाटू नये. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद झाली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हाताच्या कामाला जोडून, अशी ती योजना. तिच्यात एक कलम असं होतं, की जिथे हिंदुस्थानी मातृभाषा नाही तिथे ती पाचव्या-सहाव्या वर्षी शिकवावी आणि लिपी कोणती ते मुलाने निवडावं. 2025 साली ज्यावर महाराष्ट्र भांडला, त्याचं एक शहाणं उत्तर सेलूपासून हाकेच्या अंतरावर 1937 सालीच लिहून ठेवलेलं होतं. तेव्हाही मुस्लिम लीगने योजनेवर टीकेची झोड उठवली, काँग्रेसवाल्यांनी गौरव केला, आणि भाषा कशी शिकवायची हे पान दोघांच्याही राजकारणात मागे पडलं.

करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत इंग्रजीचे प्रयोग केले, ते 'बंगळुरू प्रकल्प' म्हणून ओळखले जातात. व्याकरण घोकण्याऐवजी नकाशा बघून रस्ता सांगा, रेल्वेचं वेळापत्रक वाचून गाडी शोधा, अशी कामं मुलांना दिली. मराठीसाठी हे आपल्याकडे कुठेही करता येतं. एसटी स्टँडचा फलक, शेतमालाचे भाव, रेशन दुकानाची पाटी, ग्रामसभेची नोटीस, दवाखान्याची चिठ्ठी. तिसरीतल्या मुलाला 'नागपूरची शेवटची गाडी किती वाजता?' हे मराठीत विचारून यायला सांगा. आधी कान आणि जीभ, मग डोळा आणि हात, हा क्रम पाळला तरी निम्मं काम होतं.

शिक्षकांसाठी पुण्यात म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचं पश्चिम विभागीय भाषा केंद्र आहे. मराठी मातृभाषा नसलेल्या सेवेतल्या शिक्षकांना मराठी शिकवणं हे त्याचं कामच आहे. उर्दू शाळांच्या संस्थाचालकांनी आपल्या किती शिक्षकांना तिथे पाठवलं, हे विचारायला हरकत नाही. डाएटच्या प्रशिक्षणात उर्दू माध्यमाच्या मराठी शिक्षकांसाठी वेगळं सत्र असतं का, तेही विचारावं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. म्हणजे विचारण्याचा अधिकार आपल्याच हातात आहे. पुढच्या बैठकीत खिचडी आणि गणवेशाचा विषय झाला की मराठीच्या सरांना एवढंच म्हणा: पोराच्या पाठ न केलेल्या पाच ओळी दाखवा, चुका असल्या तरी चालतील.