शपथेच्या पुढचे पाऊल

मुंबईहून पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणारे रस्ते पनवेलजवळ वेगळे होतात. या रस्त्यांच्या कडेने मद्यालये फोफावली. 2005 मध्ये राज्यात डान्सबारबंदी आली, तेव्हा पनवेल परिसरातील बारचा विषय विधानसभेपर्यंत पोहोचला होता. पुढे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अमान्य केली. दारूची दुकाने हटवण्याची मागणी रास्तच आहे. परंतु ज्या घरात व्यसन आधीच शिरले आहे, त्या घराने काय करावे?

मध्यमवर्गीय कुटुंब प्रथम ते झाकते. कचेरीत 'ताप आला आहे' असे कळवले जाते, देणी गुपचूप फेडली जातात, मुलांना गप्प केले जाते. प्रकरण हाताबाहेर गेले की देवापुढे शपथ घेतली जाते. वारकऱ्याच्या गळ्यातील माळेने असंख्य संसार सावरले आहेत, हे निर्विवाद. मात्र दीर्घकाळ, रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली, तर हातापायांना कंप सुटतो, झोप उडते, फिट येते, भ्रम होतो. प्रसंगी हे प्राणावर बेतते. म्हणून निश्चयाला वैद्यकीय उपचारांची जोड हवीच.

2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशात मद्यामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे 5.7 कोटी आहे. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. या अंतराचे एक मोठे कारण म्हणजे 'लोक काय म्हणतील' ही भीती.

ही भीती मोडण्याचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिले. तेथे रुग्ण सुमारे पाच आठवडे राहतो. औषधांसोबत दिनचर्या, योग, श्रम, समुपदेशन आणि व्यसनमुक्त झालेल्यांची सोबत त्याला लाभते. पत्नीसाठी 'सहचरी' गट आहे, कारण व्यसन एकाचे असले तरी होरपळ साऱ्या घराची होते.

कायदाही पाठीशी आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकार मानसिक आजारांत गणले आहेत. अंमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम 64अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देते. मात्र केंद्र निवडताना त्याची नोंदणी, डॉक्टरांची उपस्थिती आणि नातेवाइकांना भेटू देण्याची पद्धत अवश्य तपासावी. मारहाण करून, कोंडून ठेवून कोणी बरा होत नाही.

येथेच शेजाऱ्याचे आणि कार्यकर्त्याचे काम सुरू होते. 14446 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन लावून द्यावा, केंद्रापर्यंत सोबत जावे, त्या काळात घरातील मुलांच्या अभ्यासाकडे, वृद्धांच्या औषधांकडे लक्ष द्यावे. माणूस परतल्यावर त्याच्या भूतकाळाची चर्चा चौकात करू नये आणि लग्नसमारंभात 'एकच घे' असा आग्रह कोणालाही करू देऊ नये. पुन्हा पाय घसरला, तर धिक्कार न करता त्याला परत उपचारांकडे न्यावे. या आजारात असे घडते. मधुमेहाच्या रुग्णाला मिळणारी सहानुभूती या रुग्णाच्याही वाट्याला आली, तर उपचारकेंद्राची पायरी चढताना त्याची मान खाली जाणार नाही.