फाईल कधी उचलावी?

"बी.ए.च्या मुलीला हे कशाला हवं?" ग्रंथालयातल्या संगणकापुढे मला बसलेली पाहून एका वर्गमित्राने विचारले. विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, कुतूहलच होते. पण उत्तर मला तेव्हा सुचले नाही. ते इथे देण्याचा प्रयत्न करते.

'कमवा आणि शिका' योजनेत मी व माझी एक मैत्रीण ग्रंथालयात काम करतो. आपल्याच वार्षिकाचे जुने अंक स्कॅन करायचे. स्कॅनर प्रत्येक पानाची एक फाईल संगणकावरच्या ठरावीक फोल्डरमध्ये टाकतो. नावाच्या सुरुवातीला अंकाचे वर्ष असते. ती फाईल उचलून बाहेरच्या हार्डडिस्कवर त्या त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. दोन तासांतला अर्धा तास या उचलठेवीत जाई. लक्ष चुकले की १९७४ ची कविता १९७९ मध्ये जाऊन बसे.

ग्रंथालयाच्या संगणकावर लिनक्स आहे. त्याला लेखी हुकूम देता येतात. अशा हुकमांची यादी म्हणजे शेल स्क्रिप्ट. शिवाय फोल्डरमध्ये काही घडले की विचारणाऱ्याला कळवण्याची 'आयनोटिफाय' नावाची सोय लिनक्सच्या गाभ्यातच २००५ पासून आहे. त्यामुळे दर मिनिटाला डोकावावे लागत नाही. 'आयनोटिफायवेट' ही आज्ञा दाराशी बसून राहते, कोणी आले की सांगते. मी आठ-दहा ओळी लिहिल्या : फाईल आली की नावातले पहिले चार आकडे वाच, त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेव. चालले! त्या दिवशी आम्ही दोघी ऐटीत चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी १९७८ च्या अंकाची पाने उघडली, तर कित्येक अर्धीच. वर मजकूर, खाली नुसता राखाडी पट्टा. काही तर कोरीच. आणि मूळ अंक त्याच सकाळी बांधणीला गेलेला! ग्रंथालयात त्याची दुसरी प्रत नाही. आठवड्याने तो सुखरूप परत आला. तोवर जीव थाऱ्यावर नव्हता.

माझे वडील एका कचेरीत शिपाई आहेत. या टेबलावरची फाईल त्या टेबलावर नेण्यात त्यांची सव्वीस वर्षे गेली. घरी रडकुंडीला येऊन सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साहेबानं पेन खाली ठेवल्याशिवाय फाईल उचलायची नसते गं."

चूक नेमकी तीच होती. माझी स्क्रिप्ट 'फाईल तयार झाली' ही खबर ऐकत होती. पण फाईल तयार होते ती रिकामी; स्कॅनर मग तीत लिहीत जातो. दुसऱ्या डिस्कवर हलवणे म्हणजे आधी नक्कल करणे, मग मूळ पुसणे. अर्धवट लिहिलेल्या फाईलची नक्कल झाली आणि मूळ पुसले गेले. ऐकायला हवी होती ती 'क्लोज-राइट' ही खबर : लिहून झाले, फाईल मिटली. तेवढा शब्द बदलला. त्याच नावाची फाईल तिथे आधीच असेल तर तिच्यावर दुसरी लादू नकोस, हेही वाढवले. (शिपायाला हे सांगावे लागत नाही.)

म्हणून माझे मत असे, की स्क्रिप्टसाठी जाणकार शोधण्याआधी ते काम रोज ज्याच्या हातून होते त्याला विचारावे. जमले तर त्यालाच ती लिहू द्यावी. मग तो बी.ए.चा का असेना.

पण मैत्रिणीचा प्रश्न याहून अवघड आहे. "अर्धा तास वाचला, मग आपले तास कमी होणार का?" योजनेत पैसे तासावर मिळतात, आणि तिची खानावळ त्यावर चालते. काम डोके वापरून केले म्हणून मजुरी घटणार असेल, तर पुढची स्क्रिप्ट कोण दाखवील? मी तरी दाखवणार नाही, हे स्पष्टच लिहिते. वाचलेल्या वेळात आम्ही अंकांची लेखकसूची करू शकतो. जुन्या अंकांत टोपणनावे फार. ती कोणाची, हे निवृत्त सरांच्या घरी जाऊनच विचारावे लागेल. तास तेच ठेवून हे काम द्यावे, असा अर्ज आम्ही दोघींनी ग्रंथालयाकडे दिला आहे. उत्तर यायचे आहे. स्कॅनरवर सध्या १९८० चा अंक आहे.