तारणाचा हिशेब

माइंट्सचे आर्चबिशपपद आल्ब्रेख्टला १५१४ मध्ये मिळाले. रोमला भरायच्या रकमेसाठी त्याने फुगर यांच्या पेढीकडून कर्ज उचलले आणि ते फेडता यावे म्हणून पोप लिओ दहाव्याने त्याच्या मुलखात पापक्षमापत्रे विकायला परवानगी दिली. निम्मे पैसे रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला, निम्मे कर्जफेडीला. पत्राने पापाची शिक्षा कमी होते, पाप पुसले जात नाही, ही चर्चची अधिकृत शिकवण. पण योहान टेट्झेलसारखा प्रचारक मेलेल्या आईबापांच्या यातनांचे वर्णन करू लागला, की समोरच्या विधवेला हा बारकावा कोण समजावणार? ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मठवासी मार्टिन ल्यूथरने या विक्रीविरुद्धचे आपले ९५ मुद्दे पाठवले ते याच आल्ब्रेख्टकडे.

ल्यूथरला शिक्षेच्या या भीतीची ओळख होती. एर्फुर्टच्या मठात तो तासन्‌तास पापांची कबुली देई आणि काही राहून तर गेले नाही ना, या धास्तीने पुन्हा कबुली द्यायला जाई. पौलाचे रोमकरांस पत्र वाचताना त्याला उमगले, की देव माणसाला नीतिमान ठरवतो ते ख्रिस्तामुळे, फुकट. माणसाने फक्त विश्वास ठेवून ते स्वीकारायचे. मग चांगले वागायचे कशाला, हा आक्षेप तेव्हापासून चालत आला आहे. खुद्द ल्यूथरने १५२० मध्ये सत्कर्मांवर ग्रंथ लिहिला. भीती गेली की हात शेजाऱ्यासाठी मोकळे होतात, हे त्याचे म्हणणे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये ‘केवळ विश्वासाने’ हे मत धिक्कारले. पण पहिली कृपा कोणी कमावू शकत नाही, हेही त्याच ठरावात लिहिले. दोन्ही बाजू समजल्या जातात तितक्या दूर कधीच नव्हत्या.

‘केवळ विश्वासाने’ या शिकवणीला खरा धोका तिच्याच घरातून आला, असे मला वाटते. सतराव्या शतकातल्या मॅसेच्युसेट्सच्या प्युरिटन मंडळ्या पाहा. ल्यूथरचाच वारसा सांगणारी ही माणसे. पण पूर्ण सभासद व्हायचे तर आपल्या अंतःकरणात कृपेने कसे काम केले, ते मंडळीपुढे सांगावे लागे. तिथल्याच केंब्रिजचे पाळक थॉमस शेपर्ड यांनी अशी निवेदने वहीत उतरवून ठेवली. शंका, रडणे, क्षणभर धीर, पुन्हा शंका. माझा विश्वास खरा आहे की ढोंग, हा प्रश्न या माणसांना सोडत नाही. शिवाय १६३१ पासून मताचा हक्क मंडळीच्या सभासद पुरुषांनाच होता. पुढच्या पिढीतल्या अनेकांना असा अनुभव सांगताच येईना, तेव्हा १६६२ मध्ये त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यापुरती तडजोड करावी लागली. क्षमापत्राची किंमत गेली आणि तिच्या जागी अनुभवाची किंमत आली. ज्या विश्वासाने भीती घालवायची, तोच परीक्षेचा विषय झाला, हे मला पापक्षमापत्रांहून अधिक दुःखद वाटते.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी कमाईपासून फुकट कृपेपर्यंतची वाट कापली. तीर्थयात्रा, व्रते आणि दानधर्म करत हिंडणाऱ्या कुटुंबात त्या वाढल्या. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी त्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्या आपल्या साक्षीत सांगतात. आपण आहोत तशाच स्वीकारल्या गेलो, हे कळल्यावरच त्यांचे मन निवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, शेकडो भुकेल्या मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्तीसदन उभे राहिले. ‘केवळ विश्वास’ माणसाला आळशी करतो म्हणणाऱ्यांनी केडगाव पाहावे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघाने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: तारण कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने, आपल्या गुणांमुळे नव्हे. २००६ मध्ये मेथॉडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात सामील झाल्या. एवढे मान्य होऊनही वसईचा कॅथलिक आणि अहिल्यानगरचा प्रोटेस्टंट आजही एका मेजावर प्रभुभोजन घेऊ शकत नाहीत. याजकपद आणि चर्चचा अधिकार यांवरचे मतभेद खरे आहेत, पण ते सोडवण्याची घाई कोणत्याही धर्मपीठाला दिसत नाही. ती व्हायला हवी, आणि तिची मागणी बाकांवर बसणाऱ्या सामान्य ख्रिस्ती माणसांनी आपल्या बिशपांकडे करायला हवी.